गुरुवारची माणसं

६ फेब्रुवारी

जावईबापूंस,

आशीर्वाद आहेतच, पण रागासकट आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

काल दुपारी दुकानातला फोन वाजला. एका बाईचा कोट उसवत होते, तोंडात टाचण्या, त्यामुळे मला धड हॅलोही म्हणता येईना. पलीकडे तुमचा जुना गोलकीपर. म्हणाला, "मावशी, तो माझ्याकडे आहे. जिवंत आहे, जेवतो. माझ्याबरोबर मैदानाची कामं करतो. पण तुम्ही इकडे येऊ नका. कुणी आलं तर तो इथूनही जाईल, असं म्हणतोय." मी टाचण्या काढल्या आणि म्हटलं, "अरे, त्याची बायको इथे..." आणि थांबले. पुढचं मला तुम्हाला कळवायचं नाही. शेवटी त्याने एवढं कबूल केलं की मी पत्र लिहिलं तर तो तुमच्या हातात देईल. वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "जिवंत आहे ना? झालं तर." आणि भांडी घासत राहिली. ती बरी आहे. माझ्याकडेच राहते. कामावर जाते. काळजी नसावी.

तुम्ही असे कसे गेलात ते मला अजून उमगलेलं नाही. भांडण नाही, तंटा नाही. गुरुवारी संध्याकाळी नेहमीसारखे मैदानाकडे निघालात, फाटकाशी वॉचमनच्या हातात किल्ल्या दिल्यात, "दिवे लाव, आलोच" म्हणालात. आत तुमची माणसं वाट बघत बसली. वॉचमनने दिवे बंद केले तरी बसली.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. लग्न ठरलं तेव्हा मीच म्हणाले होते, चेंडूला लाथा मारणारा माणूस चाळिशीत काय करणार. पण एक गोष्ट मला आवडली होती. क्लब सगळ्या खेळाडूंना वर्षातून एकदा इस्पितळात पाठवायचा. आजारी मुलांना खेळणी द्यायची, फोटो काढायचे, परत यायचं. तुम्ही तिथून तडक दुकानात आलात, माझ्या कापायच्या टेबलावर बसलात आणि म्हणालात, "आई, मुलं हसतात तरी. बाहेर उभे असलेले बाप बघवत नाहीत. त्यांच्याशी कुणी बोलतच नाही." त्यातून तो गुरुवार निघाला. ज्याची नोकरी गेली, ज्याची बायको गेली, ज्याला घर खायला उठतं, त्याने यायचं आणि तुमच्याबरोबर मैदानाला फेऱ्या मारायच्या. बोलावंसं वाटलं तर बोलायचं, नाहीतर नुसतं चालायचं. फोटो नाही, काही नाही.

ती माणसं आता मला विचारतात. मी काय सांगू त्यांना?

तुमची सासू


२१ फेब्रुवारी

जावईबापू,

उत्तर नाही तुमचं. नसू दे. लिहायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

क्लबने गुरुवार बंद केला. 'उपक्रम तूर्त स्थगित' असा कागद फाटकावर लावलाय. मी ऑफिसातल्या मॅडमना जाऊन भेटले. बाई वाईट नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, "गुरुवारी येणाऱ्या त्या लिफ्टवाल्याने स्वतःला संपवलं, आणि ज्यांनी हे सुरू केलं तेही आता इथे नाहीत. उद्या आणखी कुणाचं काही झालं तर क्लबने काय तोंड दाखवायचं?" मी म्हटलं, "आणि ह्या माणसांनी गुरुवारी कुठे तोंड लपवायचं?" त्यावर त्या मला खाली दारापर्यंत सोडायला आल्या.

लिफ्टवाल्याचा विषय मी काढणार नव्हते. निघालाच.

गुरुवारी माणसं तरीही जमली. फाटकाबाहेर, थंडीत. अर्ध्या तासाने तो तुमचा धिप्पाड टॅक्सीवाला माझ्या दारात. "मावशी, गल्लीत तुमचाच दिवा दिसतोय. पाच मिनिटं आत उभे राहू का?" पाच मिनिटं म्हणजे किती ते तुम्हाला माहीत आहे. सगळं दुकान भरलं. कुणी इस्त्रीच्या टेबलाला टेकलेलं, कुणाच्या खांद्यावर गिऱ्हाइकाचा स्कर्ट लोंबतोय. बसायला जागा नाही म्हणून तुमचा बेकरीवाला कपडे घालून बघायच्या खोलीत शिरला आणि तिथल्या स्टुलावर बसला. पडदा ओढून घेतला. बाहेरून फक्त बूट दिसत होते.

आणि पडद्यामागून तो बोलायला लागला. टॅक्सीवाला म्हणाला, हा आजवर एक शब्द बोललेला नाही. म्हणाला, "बेकरी विकली तरी पहाटे जाग येते. हात पीठ मागतात. घरातले झोपलेले असतात. मी अंधारात पलंगाच्या कडेला बसून असतो, आणि मला वाटतं, आता मी कशाला."

मी काय करणार? मी मशीन थांबवलं. असं कुणी बोलल्यावर काय म्हणायचं असतं ते तुम्हाला येतं, मला नाही. दोन ओळी लिहून कळवा. एवढं तरी करा.

सासू


९ मार्च

जावईबापू,

गेल्या आठवड्यात लिफ्टवाल्याची बायको दुकानात आली. नवऱ्याचा कोट घेऊन. "माझ्या मापाचा करून द्या" म्हणाली. मी टेप घेऊन तिचे खांदे मोजत होते, तेव्हा माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तुमचा जावई कुठाय?"

"बाहेरगावी."

"पळाला म्हणा."

मी खांद्यांचं माप वहीत लिहिलं. ती म्हणाली, "त्याने ह्यांना नंबर दिला होता. कधीही फोन कर म्हणाला होता. ह्यांनी केला त्या संध्याकाळी. बंद होता."

मी सांगितलं तिला. दुसऱ्या दिवशी सामना असला की मॅनेजर सगळ्यांचे फोन काढून घेतो, कुणाचं काही चालत नाही, हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते मला ठाऊक आहे. मग कधीही म्हणायचं नाही."

टेप माझ्या हातात तशीच राहिली.

मी तुम्हाला लिहू शकले असते की ती म्हणाली, झालं गेलं विसरून जा म्हणावं. ती तसं म्हणाली नाही. मला वाटतं, ती माफ करणार नाही. पण दारातून निघताना म्हणाली, "मला हे त्याच्या तोंडावर बोलायचं होतं. तुम्हाला बोलून काय उपयोग?"

तेव्हा या. शिव्या खायला या. लिफ्टवाला गेल्यावर तुम्ही काय करत होतात ते मी बघितलंय. जेवताना फोन ताटाशेजारी. अंघोळीला जाताना फोन बायकोच्या हातात, वाजला तर दार ठोक म्हणून. रोज रात्री एकेकाला फोन करून, बरा आहेस ना, बरा आहेस ना. मैदानावर डुलक्या यायला लागल्या तुम्हाला. तुमच्या चुकीने दोन गोल झाले तेव्हा लोकांनी तुम्हाला नको नको ते ऐकवलं, आणि तुम्ही घरी येऊन म्हणालात, बरोबरच आहे त्यांचं. तेव्हाच मी तुम्हाला खुर्चीत दाबून बसवायला हवं होतं. मी पुढ्यात सूप ठेवलं आणि मशीनवर जाऊन बसले.

ती बाई परवाच्या गुरुवारीही आली. बायकांनी यायचं नाही असं कुणी म्हटलंय? आता आम्ही दुकानातून निघतो आणि स्टेडियमच्या बाहेरच्या फुटपाथवरून फेऱ्या मारतो. माझे गुडघे बोंबलतात. ती सगळ्यांच्या मागून चालते, कुणाशी बोलत नाही.

सासू


२४ मार्च

जावईबापू,

आधी एक बरी बातमी. तुमचा तो लेफ्ट विंगर, केसांना पट्टा लावून हिंडणारा, पँट आवळून घ्यायला आला तो नेमका गुरुवारीच. ही सगळी मंडळी बघून दारातच उभा राहिला. मला वाटलं, नाक मुरडून जाईल. त्याने पट्टा काढून खिशात घातला आणि सगळ्यांबरोबर चालायला निघाला. क्लबला कळवलेलं नाही त्याने. "कळलं तर दंड करतील, करू देत" म्हणाला. त्याच्या मागोमाग आता आणखी दोघे खेळाडू येतात. त्यांना बोलता येत नाही फारसं. पण चालतात.

आता दुसरं. लेक बरी आहे असं मी लिहिलं ते खोटं होतं.

ती जेवत नाही. भाताचे दोन घास उभ्याने खाते आणि ताट सिंकमध्ये ठेवते. बसची वाट बघायला म्हणून जाते आणि तासाभराने तशीच परत येते. दिवसभर दुसऱ्यांचे दात घडवायचे आणि आपण उपाशी राहायचं, असं चाललं होतं. गेल्या सोमवारी दातांच्या लॅबमध्ये एका आजोबांच्या कवळीत तिने समोरचे दोन दात उलटे बसवले. साहेबांनी रागावून नाही, काळजीनेच घरी पाठवली. तेव्हापासून घरात आहे. खिडकीचा पडदा उघडू देत नाही.

काल मी विचारलंच, "तुला राग कशाचा आलाय? गेला त्याचा?"

"नाही."

"मग?"

तिने पडद्याची फट ओढून बंद केली. मग म्हणाली, "सगळ्या जगाचं ऐकून घ्यायचा आई तो. मी शेजारी झोपलेली असायचे. मला एक शब्द नाही बोलला. मी काय त्या गुरुवारच्या माणसांहून परकी होते?"

हे तुम्ही तिला सांगायचं आहे. मी नाही सांगू शकत, गोलकीपर नाही सांगू शकत. म्हणून मी तिला तिकडे पाठवते आहे. हो म्हणत नव्हती. मीच बॅग भरली, मीच बसमध्ये बसवणार आहे. गोलकीपरला कळवलेलं नाही. हे पत्र पोचेल तेव्हा ती तुमच्या समोर असेल. तिला बसायला सांगा. काही खाल्लंस का, असं विचारा. बाकी हळूहळू.

सासू


२९ मार्च

कुठे पाठवू हे पत्र?

गोलकीपरने सगळं सांगितलं. तू मैदानावर चुन्याच्या रेघा ओढत होतास. ती जाळीच्या बाहेर येऊन उभी राहिली. तू मान वर केलीस, तिच्याकडे बघितलंस, चुन्याची गाडी तिथेच सोडलीस आणि कपडे बदलायच्या खोलीकडे गेलास. तिला वाटलं, हात धुऊन येतोय. ती थांबली. मागच्या दाराने गेलास तू. जॅकेट खुंटीवर, पाकीट जॅकेटमध्ये.

ती तुझ्या खाटेवर बसून राहिली, येशील म्हणून. मग जॅकेट घेऊन परत आली. आल्यापासून ते मांडीवर घेऊन बसली आहे आणि एकच बोलते, मी जायला नको होतं. मी तिला पाठवलं. तिने नाही. माझ्या हट्टाने झालं हे, आणि हे मी तिला दहादा सांगितलं तरी तिच्या कानात शिरत नाही.

तू म्हणाले बघ. इतक्या वर्षांत कधी अरेतुरे केलं नाही तुला. लिहून गेलं, आता राहू दे. जावई म्हणून जो मान द्यायचा तो मी दिला. त्या मानाने तुझा काय फायदा झाला? माझ्या पोटचा असतास तर मी तुला धरून हलवलं असतं, काय होतंय बोल म्हणाले असते.

आज शिवणाला हात लावलेला नाही. तरी दुकान उघडं आहे, कारण सगळे इथेच आहेत. आज गुरुवार नाही, तरी सगळे. टॅक्सीवाल्याने तुझा फोटो त्याच्या ओळखीच्या सगळ्या ड्रायव्हरांना पाठवलाय आणि स्वतः गाडी घेऊन गेलाय. बेकरीवाला इस्पितळांना फोन करतोय. कुठल्या कुठल्या इस्पितळांना, ते मी विचारत नाही.

क्लबने खेळाडूंना तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. विंगरने ऐकलं नाही. त्याला फोनवर लाखो लोक बघतात म्हणे, आणि आजवर त्याने तिथे फक्त स्वतःच्या केसांचे फोटो टाकले. आज त्याने तुझा टाकला, खाली दुकानाचा नंबर दिला आणि लिहिलं, 'हा माझा मित्र आहे. दिसला तर त्याला एकटं सोडू नका. शेजारी बसा आणि फोन करा.'

सकाळपासून फोन थांबत नाही. कुणी म्हणतं, बाजारात दिसला. कुणी थट्टा करतं. आणि काहीजण नुसतेच घुटमळतात, मग विचारतात, "ते नसतील तर मी तुमच्याशी बोलू का?" लिफ्टवाल्याची बायको फोनपाशी बसली आहे. तिला कुणी बसवलं नाही, तीच स्टूल ओढून बसली. प्रत्येक फोन पहिल्याच घंटीला उचलते. थट्टा करणाऱ्याचंही पूर्ण ऐकते, म्हणते, "झालं बोलून? आणखी काही आहे?" तिचा आवाज चढत नाही. मी तिला पाणी दिलं ते तसंच पडून आहे.

अरे बाबा, कुठे आहेस तू? काही करू नकोस. नुसता बस कुठेतरी. एका जागी बसून राहा, आम्ही येतो.


३१ मार्च

तू आत आहेस. मी बाहेर बाकावर आहे. सिस्टर म्हणाल्या, काही दिवस कुणाला भेटू देणार नाहीत, पण लिहिलेलं देतील. गुडघ्यावर कागद ठेवून लिहिते आहे, अक्षर लावून घे.

काल संध्याकाळी एक फोन आला. पलीकडे रागीट आवाज. "तुमची भिंत आमच्या बसडेपोत बसली आहे." भिंत म्हणजे तू, बचावाला उभा राहतोस म्हणून. बोलणारा तिथला कंडक्टर. तुमच्या प्रतिस्पर्धी क्लबचा भक्त. लिफ्टवाल्याच्या बायकोला म्हणाला, "बाई, गेल्या वर्षी ह्या माणसाने आमच्या हातातला कप घालवला, त्याला मी दाढीतसुद्धा ओळखीन. पण हा बरा दिसत नाही. थरथरतोय. मी शेजारी बसलोय, माझी बस सुटली तरी चालेल. तुम्ही या." तिने पत्ता लिहून घेतला, फोन ठेवला आणि मग पहिल्यांदा ती घोटभर पाणी प्यायली.

टॅक्सीवाला सगळ्यात जवळ होता. तो सांगतो, तू त्याच्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "मला काही सुचत नाहीये." तो म्हणाला, "मलाही नाही. चल." कंडक्टरने स्वतःचा स्वेटर तुला घातला होता. तो परत द्यायचा आहे, हरवू नकोस.

डॉक्टर म्हणतात, हा आजार आहे, आणि तो झाला की माणसाला आपण सगळ्यांच्या वाटेतली अडगळ आहोत असं वाटतं. मी म्हटलं, हा तर सगळ्यांना घेऊन चालायचा. त्या म्हणाल्या, "आणि त्याला घेऊन कोण चालायचं?"

लेक माझ्या शेजारी आहे. तिने आत्ता अर्धं सँडविच खाल्लं. लिहू का म्हटलं, म्हणाली, लिही.

आई


२० एप्रिल

काल आत काय झालं ते तुझं तुला माहीत. बाहेरचं मी सांगते.

लेक तुझ्याकडून बाहेर आली तेव्हा मी विचारलं, काय बोललात? म्हणाली, "त्याचा एक दात तुटलाय. मी विचारलं, कसा तुटला. तो म्हणाला, सांगतो. आणि सांगत बसला." तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. रडली होती की नाही ते मी विचारलं नाही. तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पण आज सकाळी लॅबला फोन करून कधी येऊ विचारलंन.

लिफ्टवाल्याच्या बायकोला मी आणणार नव्हते. पण तू डॉक्टरांना म्हणालास, तिला भेटायचंय, आणि डॉक्टर म्हणाल्या, आता चालेल, त्याही बसतील शेजारी. ती नवऱ्याचा तो कोट घालून आली होती. ती आत गेली आणि दार लागलं. मनात आलं, हे आपण काय करून बसलो.

बाहेर आली ती सरळ गाडीत बसली. टॅक्सीवाल्याने आरशातून एकदा बघितलं आणि गाडी काढली. पूल ओलांडला. मग तीच म्हणाली, "मी त्याला सगळं बोलले. त्याने मान खाली घातली नाही. म्हणाला, माझ्याकडे उत्तर नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "मग मी विचारलं, हे तुमच्याबरोबर फेऱ्या मारायचे तेव्हा काय बोलायचे? घरी शेवटचं वर्षभर तोंडातून शब्द नव्हता. तो म्हणाला, हसवायचे आम्हाला."

तिला ते खरंच वाटेना. नवरा हसवायचा? तर तू तिला त्याचा एक विनोद सांगितलास म्हणे. तो तिने गाडीत आम्हाला सांगायला घेतला. लिफ्ट अडकली की आतला माणूस आधी देवाला हाक मारतो, मग आईला, मग बायकोला, आणि मी दार उघडलं की... इथे ती अडली. पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. पुन्हा तिथेच अडली. टॅक्सीवाल्याने तो गुरुवारी नक्की दहा वेळा ऐकलेला असणार, पण तो गाडी चालवत राहिला, शब्द सुचवला नाही. तिसऱ्या वेळेला तिने शेवट गाठला. "मी दार उघडलं की पहिली शिवी मला." आणि ती हसली. एकदा हसली आणि मग कोटाच्या बाहीत तोंड घालून इतकी रडली की टॅक्सीवाल्याने गाडी कडेला घेतली. लेकीने तिची पाठ धरून ठेवली. मागून गाड्यांचे भोंगे वाजत होते, आम्ही तसेच उभे.

घराशी उतरताना तिने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "मी माफ नाही केलेलं त्याला. हे सांगा." मी म्हटलं, सांगते. "पण त्याच्याकडे ह्यांचं आणखी बरंच आहे. ते मला सगळं हवंय. पुढच्या मंगळवारी येऊ का, विचारा त्याला."

मी तुला विचारलं नाही. तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. तेव्हा मंगळवारी तू असायला हवास. त्याच्या पुढच्याही.

आई